चिकू पिकविणारा वायू

डहाणू-घोलवडच्या बागेतून उतरविलेला चिकू प्रथम टणक, तुरट व चिकाने भरलेला असतो. आठवड्याच्या आत तो मऊ व गोड होतो, तो इथिलीन वायूमुळे. हा वायू फळ स्वतःच तयार करते. कर्ब व हायड्रोजन एवढ्याच मूलद्रव्यांच्या संयुगांना हायड्रोकार्बन म्हणतात. इथिलीन त्या कुळातले. त्यात कर्बाचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असून हायड्रोजनचे अणू चार असतात.

कार्बाइडच्या पुडीला दमट हवा लागताच निघणारा ॲसिटिलीन हा त्याचाच भाऊबंद. कर्बाचे अणू तेवढेच, पण बंध तिहेरी व हायड्रोजनचे अणू दोनच. या साम्यामुळे तोही फळ पिकवितो, मात्र पुष्कळ अधिक लागतो. खरा धोका निराळाच आहे. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असतात. म्हणून २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी त्याने फळे पिकविण्यास मनाई केली आहे. इथिलीन वायूस २०१६ पासून हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत परवानगी आहे.

तथापि कोवळे फळ कोणत्याही वायूने नीट गोड होत नाही. तोडणीपूर्वी सालीवर नख ओढून पाहावे. रेघ हिरवी दिसली, तर फळ झाडावरच राहू द्यावे. पिवळसर दिसली व चीक थोडाच आला, तर उतरवावे.