घाट, सर्किट आणि ब्रेकचे पॅड

बुलढाण्याहून मलकापुराकडे निघालेली मोटार शहर मागें टाकते न टाकते तोंच राजूर घाटाच्या तोंडाशीं येते. वर बालाघाटाचें पठार आणि खालीं पायनघाटाची काळी, कपाशीची जमीन, अशा दोन पायऱ्यांवर हा जिल्हा वसलेला आहे. बुलढाणा, चिखली, मेहकर वरच्या अंगास. मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं रेल्वेचीं स्थानकें खालच्या अंगास. त्यामुळें घाट उतरणें हें येथील चालकांचें नित्याचें काम झालें आहे. एस. टी. चा मुरलेला चालक उतार लागण्यापूर्वींच गिअर खालीं आणतो, गाडीचा भार एंजिनावर घेतो आणि ब्रेकवर पाय बेतानेंच ठेवतो. नवखा मात्र वरच्याच गिअरमध्यें उतरूं लागतो, पाय ब्रेकवरून काढीत नाहीं, आणि शेवटच्या वळणाशीं जळका वास आला म्हणजे खिडकीबाहेर डोकावून पाहूं लागतो. तो वास त्याच्याच ब्रेकचा असतो.

वेगवान मोटारीची हौस आतां मोठ्या शहरांपुरती उरलेली नाहीं. ही हौस सार्वजनिक रस्त्यावर भागविणें जिवावरचें काम आहे; म्हणून शुल्क भरून एखाद्या बंदिस्त सर्किटावर दिवसभर आपली गाडी चालविण्याची सोय असते, तिला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. तेथें कोणाशीं शर्यत नसते, बक्षीसही नसतें. पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या असतात. बुलढाण्याच्या मालकास त्यासाठीं दूर जावें लागतें. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथील सर्किट १९९० सालचें, ग्रेटर नोएडाचें बुद्ध सर्किट २०११ सालचें. दोन्हीकडे पोहोंचावयास हजार किलोमीटरांच्या आसपास वा त्याहून अधिक मजल मारावी लागते, आणि गाडी वाहून नेणारा ट्रक परवडत नसल्यानें बहुधा त्याच गाडीनें जावें व त्याच गाडीनें परत यावें लागतें. ही गोष्ट पॅड निवडतांना फार महत्त्वाची ठरते.

ब्रेक गाडीची गति ‘नाहींशी’ करतो असें आपण म्हणतों. वास्तविक तो तिची उष्णता करतो. चालकासह तेराशे किलो वजनाची गाडी ताशीं १६० किलोमीटरांवरून ६० वर आणावयाची झाल्यास सुमारें ११ लक्ष ज्यूल इतकी ऊर्जा उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. हवेचा व टायरांचा विरोध त्यांतील थोडा वांटा उचलतो, उरलेला बहुतेक सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक लावतांच गाडीचें वजन पुढें झुकतें, म्हणून शेंकडा सत्तरच्या आसपास काम पुढच्या दोन चाकांकडे येतें. पुढील प्रत्येक बिडाची डिस्क ६ किलोंची धरली, तर एवढ्या एकाच ब्रेकानें ती सुमारें १३० अंशांनीं तापते. हें सर्व तीन-चार सेकंदांत घडतें.

आतां तीच गाडी ३०० मीटर उंचीचा घाट उतरते असें समजा. तेथें मुक्त होणारी ऊर्जा सुमारें ३८ लक्ष ज्यूल, म्हणजे वर सांगितलेल्या ब्रेकाच्या साडेतीन पट. मोठ्या सर्किटावर दोन-अडीच मिनिटांच्या एका फेरींत असे जोराचे ब्रेक तीन-चार वेळां तरी लावावे लागतात. अर्थात् प्रत्येक फेरीला एक घाट उतरला जातो, आणि तोही एंजिनाची फारशी मदत न घेतां, केवळ ब्रेकवर. सात-आठ फेऱ्यांची एक पाळी म्हणजे मध्यें विसांवा न घेतां ओळीनें उतरलेले सात-आठ घाट. घाटांत नवख्याच्या ब्रेकास वास कां येतो हें ज्यानें ओळखलें, त्यास सर्किटावर साधा पॅड कां टिकत नाहीं हें निराळें सांगावयास नको.

घर्षणाच्या या द्रव्याचा इतिहासही उतारावरच सुरू होतो. इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत चढउतार फार. तेथील घोडागाड्यांचे चालक चाकावर दाबावयाच्या लाकडी ठोकळ्यास जुन्या जोड्याचें चामडें ठोकीत, तें पाहून हर्बर्ट फ्रूड नांवाच्या गृहस्थाच्या मनांत अधिक टिकाऊ द्रव्य करण्याचें आलें असें सांगतात. १८९७ च्या सुमारास त्यानें कापसाच्या विणींत चिकट द्रव्य मुरवून ब्रेकचे ठोकळे बनविले. ‘फेरोडो’ हें प्रसिद्ध नांव त्याच्याच आडनांवाचीं अक्षरें फिरवून, एक अक्षर वाढवून, बनलेलें आहे. खामगांवच्या कापूसपेठेस ठाऊक नसेल, पण मोटारीच्या आरंभीच्या ब्रेकांत कापूसही होता! तथापि कापूस लौकरच करपतो. १९०८ च्या सुमारास त्याच्या जागीं ॲस्बेस्टॉस आलें, आणि त्याची धूळ फुप्फुसांस घातक असल्याचें पुढें सिद्ध झाल्यावर पुष्कळ देशांनीं तेंही सोडून दिलें. दुसरी सुधारणा खुद्द रचनेंत झाली. १९५३ सालीं ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत डिस्क ब्रेक बसविलेली जॅग्वार गाडी पहिली आली. ड्रममध्यें कोंडून राहणारी उष्णता उघड्या डिस्कवरून वाऱ्याबरोबर निघून जाते, एवढेंच तिचें गुपित. आजही भारतांतील पुष्कळशा लहान वेगवान गाड्यांस पुढें डिस्क आणि मागें ड्रमच असतो. फोक्सवॅगन पोलो जीटी तशीच होती.

आजचा पॅड म्हणजे लोखंडी पाटीवर दाबून भाजलेलें एक मिश्रण होय. त्यांत तंतू असतात, धातूचा चुरा असतो, ग्रॅफाइट असतें, आणि सर्वांस धरून ठेवणारी राळ असते. ही राळच पॅडची मर्यादा ठरविते. साधारणपणें ३०० अंशांच्या पुढें ती विघटूं लागून वायु सोडते. तो वायु पॅड व डिस्क यांच्यामध्यें येतो, पॅडचा पृष्ठभाग चकाकतो, आणि पकड सुटते. शहरी पॅड गारठ्यांत, पहिल्याच दाबाला धरावा, आवाज करूं नये, डिस्क झिजवूं नये, अशा हेतूनें बनविलेला असतो. ते सर्व गुण ३०० अंशांच्या आंतले आहेत. शर्यतीच्या पॅडमध्यें धातू अधिक व राळ वेगळ्या जातीची, क्वचित् राळ मुळींच नसून धातूची पूड भट्टींत एकजीव केलेली असते. तो ५००-६०० अंशांवरही धरून राहतो. पण थंड असतां त्याची पकड कमी, किंचाळणें फार, आणि डिस्क खाण्यांत तर हात धरणारा कोणी नाहीं. या दोहोंच्या मध्यें रस्ता व सर्किट अशा दोन्हींसाठीं म्हणून विकली जाणारी एक मधली जात असते.

ब्रेक सुटण्याचे प्रकार दोन आहेत, आणि ते ओळखतां न आल्यामुळें लोकांचा पैसा भलत्याच ठिकाणीं जातो. पेडल घट्ट आहे, पाय खूप दाबतो आहे, पण गाडी थांबत नाहीं, असें झाल्यास पॅड तापून निकामी झाला आहे. पेडल मऊ लागलें, स्पंजासारखें खालीं जाऊं लागलें, तर दोष पॅडचा नसून ब्रेक ऑइल उकळलें आहे. त्यांत वाफेचे बुडबुडे झाले कीं पायाचा सारा जोर बुडबुडे दाबण्यांत खर्च होतो. ब्रेक ऑइल हवेंतील पाणी शोषून घेतें. ‘डॉट ४’ जातीचें नवें ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळूं नये असा दंडक आहे. त्यांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळलें कीं तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ‘डॉट ३’ ची ही खालची मर्यादा १४० आहे. दोन पावसाळे पाहिलेलें ऑइल ठेवून महागडे पॅड बसविणारा मालक सर्किटावर फसतो, आणि दोष मात्र पॅडास देतो. म्हणून परवडणाऱ्या तयारींत पहिला खर्च नव्या, मोहोरबंद डब्यांतील ऑइलाचा करावा. गॅरेजच्या फळीवर अर्धवट उघडा पडलेला डबा फुकट मिळाला तरी घेऊं नये. ‘डॉट ५’ हें सिलिकोनचें निराळेंच ऑइल आहे, तें या गाड्यांसाठीं नाहीं, ‘डॉट ५.१’ चालतें.

दुकानांत पॅड हातीं घेतल्यावर त्याच्या कडेस बहुधा दोन इंग्रजी अक्षरें छापलेलीं आढळतात. पहिलें अक्षर साध्या उष्णतेंतील पकड दाखवितें, दुसरें तापल्यावरची. ‘ई’ म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे त्याहून वर ०.५५ पर्यंत. हीं अक्षरें उपयोगी आहेत, पण त्यांवर विसंबूं नये, कारण या परीक्षेंतील ‘तापलेली’ अवस्था सुमारें ३४० अंशांपर्यंतच जाते. ‘जी जी’ छापलेला पॅड ५०० अंशांवर काय करील हें तीं अक्षरें सांगत नाहींत. त्यासाठीं उत्पादकानें दिलेला तापमान व पकड यांचा आलेख पहावा. असा आलेख जो देत नाहीं, त्याचा पॅड सर्किटासाठीं घेऊं नये. पॅड निळा आहे कीं पिवळा, याला कांहींच अर्थ नाहीं.

आलेखाची डावी, म्हणजे थंड बाजू तितकीच नीट वाचावी. मेहकर, सिंदखेड राजा या बाजूनें समृद्धी महामार्ग जातो. त्यावर ताशीं १२० च्या वेगानें तासभर गेलें तरी ब्रेकास पाय लावण्याचा प्रसंग क्वचितच येतो, आणि डिस्क गार राहतात. अशा वेळीं पुढें अकस्मात् जनावर आलें तर जो पॅड उपयोगी पडावयाचा तो थंडच असणार. सेकंदास ८ मीटर या दरानें वेग कमी होत असेल तर १२० वरून गाडी सुमारें ६९ मीटरांत थांबते. पायाचा जोर तोच राहून पकड एक चतुर्थांशानें कमी झाली, तर तिला ९३ मीटर लागतात. चोवीस मीटरांचें हें अंतर म्हणजे दोन एस. टी. गाड्यांच्या लांबीइतकें. केवळ शर्यतीचा पॅड घालून हजार किलोमीटरांचा रस्ता कापणारा माणूस सर्किटावर सुरक्षित आणि वाटेंत धोक्यांत असतो. हा सौदा कोणत्याही किंमतीस महागच म्हटला पाहिजे.

यांतून बुलढाण्याच्या हौशी मालकास परवडेल अशी वाट कोणती? पुढच्या चाकांस मधल्या जातीचे, ४५०-५०० अंशांपर्यंत धरणारे पॅड घ्यावे. मागें गाडीचे मूळचेच ठेवावे, तेथें उष्णता फारशी पोहोंचत नाहीं. पहिल्या-दुसऱ्या ट्रॅक डेला एवढें पुरतें, कारण नवशिक्याचा वेगच बेताचा असतो. पुढें वेग वाढून हेही कमी पडूं लागले, तर अस्सल शर्यतीचे पॅड पेटींतून नेऊन सर्किटावर बसवावे आणि परतीपूर्वीं काढावे. पुढचे कॅलिपर सोडून पॅड बदलणें हें माहीतगार मिस्त्रीकडून एकदां शिकून घेतल्यास घरचेंच काम आहे. मात्र दोन निरनिराळ्या जातींचे पॅड एकाच डिस्कवर आलटून पालटून चालविले तर पहिल्याचा थर दुसऱ्यास बाधतो, म्हणून शक्य झाल्यास डिस्कही निराळ्या ठेवाव्या. तो खर्च हिशेबांत धरल्याशिवाय शर्यतीचा पॅड ‘स्वस्तांत मिळाला’ असें म्हणूं नये.

किंमत पाहण्याची रीतही बदलावी लागेल. नव्या पॅडचा घासावयाचा थर दहा-बारा मिलिमीटरांचा असतो. रस्त्यावर तो बराच खालपर्यंत वापरतात. सर्किटावर अर्धा उरला कीं सावध व्हावें, कारण पातळ पॅडमधून उष्णता पिस्टनकडे व तेथून ऑइलाकडे झपाट्यानें जाते. म्हणून प्रत्येक पाळीच्या आधीं व नंतर जाडी मोजून वहींत लिहावी, आणि जोडाची किंमत वापरतां येण्याजोग्या मिलिमीटरांनीं भागावी. एका पाळीस किती मिलिमीटर गेले हें कळलें कीं एका पाळीचा खरा खर्च हातीं येतो. या हिशेबानें पाहतां दुकानांतील सर्वांत स्वस्त पॅड पुष्कळदां सर्वांत महाग ठरतो, कारण तो एका दिवसांत करपतो आणि जातांना डिस्कही जाळून जातो. नामांकित मालाच्या वेष्टनांतील नकली मालाविषयीं तर बोलावयासच नको. ओळखीच्या दुकानांतून बिल घेऊनच खरेदी करावी.

नवे पॅड बसवून थेट सर्किट गांठूं नये. मोकळ्या, सरळ रस्त्यावर, पहाटे, मागून कोणी येत नाहीं असें पाहून ८० वरून ३० पर्यंत मध्यम दाबानें आठ-दहा वेळां वेग कमी करावा. पूर्ण थांबूं नये, आणि नंतर ब्रेक न लावतां कांहीं किलोमीटर गाडी चालवून डिस्क गार होऊं द्याव्या. यासाठीं महामार्ग निवडणें हा शुद्ध अविचार आहे. सर्किटावर प्रत्येक पाळीची शेवटची फेरी हळू, ब्रेक जवळजवळ न लावतां घ्यावी. गाडी उभी केल्यावर हॅण्डब्रेक ओढूं नये, नाहींतर मागचे तापलेले ब्रेक आवळलेल्या स्थितींतच गार होऊन चिकटतात. गिअरमध्यें ठेवून चाकाखालीं दगड लावावा, जसा घाटांत बंद पडलेल्या ट्रकला लावतात. मग चाकाच्या आऱ्यांमधून पॅडकडे पहावें. कडा पांढुरक्या पडून भुगा होत असेल, किंवा थरास चीर गेली असेल, तर त्या दिवशीं पुढची पाळी घेऊं नये. जुने पॅड घालून, ऑइल तपासून, घरची वाट धरावी.