मथळा: सजावट कीं वाटाड्या?



ग्रंथाला प्रकरणें असावींत व प्रत्येक प्रकरणाला नांव असावें, हा संकेत आपल्या इतका अंगवळणी पडला आहे कीं, त्याचा उपयोग काय हें आपण सहसा विचारीत नाहीं. इंटरनेटवरील पानांविषयीं मात्र तो प्रश्न विचारलाच पाहिजे. कारण तीं पानें माणसाच्या आधीं यंत्र वाचतें, आणि यंत्राला त्यांतील विषय नीट कळला नाहीं, तर गरजू माणसाच्या हातीं तीं पडणें कठीण.

एक उदाहरण घेऊं. चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली हे दोन्ही जिल्हे अरण्याचे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें तेथील गांवांना परंपरागत जंगलावर सामूहिक हक्क मागतां येतो. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवानें २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळविला. तें ऐकून दुसऱ्या गांवचा एखादा तरुण मोबाईलवर ‘वनहक्क दावा कसा करावा’ असें लिहून शोध घेतो, असें समजा. उपविभागीय समितीच्या निर्णयावर जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागण्याची मुदत ६० दिवसांची. माहिती लिहिलेली आहे, पण त्या मुदतींत सांपडली नाहीं, तर त्या गांवापुरती ती न लिहिल्यासारखीच होय.

टिम बर्नर्स-ली यांनीं सर्न या संस्थेंत असतांना वेबची जी भाषा सिद्ध केली, तिच्या १९९१ मधील आरंभीच्या टॅगांतहि मथळे होते. आज त्यांच्या सहा पायऱ्या आहेत: एच्-१ ते एच्-६. एच्-१ म्हणजे पानाचें मुख्य नांव, एच्-२ म्हणजे प्रकरण, एच्-३ म्हणजे पोटप्रकरण. गुगलसारखें शोधयंत्र पानाची नोंद करतांना कोणता मजकूर कशाविषयीं आहे, हें ताडण्यास या खुणांची मदत घेतें. अक्षरें नुसतीं मोठीं व ठळक केलीं, तर डोळ्याला मथळा दिसतो. यंत्राला ती खूण मिळत नाहीं. परिपत्रकाचें केवळ छायाचित्र चढविलें, तर त्यांत मथळ्याची खूण मुळींच नसते.

आपल्या तरुणाला हव्या असलेल्या पानाचें एच्-१ ‘सामूहिक वनहक्काचा दावा कसा करावा’ असें असावें. त्याखालीं ‘दावा कोणाला करतां येतो’, ‘पुरावे कोणते लागतात’, ‘ग्रामसभेनें काय करावें’, ‘दावा नामंजूर झाल्यास’ असे एच्-२ मथळे यावेत. आणि पुराव्यांच्या प्रकरणांत ‘लेखी कागदपत्रें’ व ‘वडीलधाऱ्यांचे जबाब’ हे एच्-३. याच पानावर ‘महत्त्वाची सूचना’ एवढाच मथळा घातला, तर तो खोटा नाहीं. पण त्यावरून कोणालाच कांहीं कळत नाहीं. लोक ज्या शब्दांनीं विचारतात, ते शब्द मथळ्यांत हवेत.

याचा लाभ यंत्रापुरताच नाहीं. दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर या साधनाच्या द्वारें पान ऐकतात व मथळ्यावरून मथळ्यावर उडी घेत हवा तो भाग गांठतात. म्हणून पायऱ्या क्रमानें असाव्यात. एच्-२ सोडून एकदम एच्-४ वर जाऊं नये.

मात्र मथळा हा मंत्र नव्हे. शोधयंत्र अनेक गोष्टी तोलून पाहतें, त्यांतील ही एक. एकच शब्द प्रत्येक मथळ्यांत कोंबला, तर पान वर येण्याऐवजीं संशयास्पद ठरूं शकतें. आणि खालीं मजकूर पोकळ असेल, तर उत्तम मथळाहि वाचकाची फसवणूकच करतो.

पान सिद्ध झाल्यावर एक सोपी कसोटी लावावी: मजकूर झांकून नुसते मथळे वाचावे. तेवढ्यावरून आपलें उत्तर कोठें आहे, हें अनोळखी माणसाला समजलें, तर मथळ्यांनीं आपलें काम केलें, असें खुशाल समजावें.