हार्ड डिस्क पुष्कळदा सांगून जाते

माझ्या घरी लिनक्सवर चालणारा एक जुना डेस्कटॉप आहे. घरातले सगळे फोटो, वडिलांच्या तपासण्यांचे रिपोर्ट, फ्लॅटचे कागद त्यावर ठेवले आहेत. त्याला स्क्रीन जोडलेला नाही. कपाटाशेजारी तो दिवसरात्र चालू असतो. त्याचं बरंवाईट कळतं ते लॉग फाइलमधून.

लिनक्स जवळपास प्रत्येक घडामोड वेळेसकट लिहून ठेवतं. कोण लॉग-इन झालं, कुणाचा पासवर्ड चुकला, मेमरी संपल्यामुळे कोणता प्रोग्रॅम बंद पाडावा लागला, हे सगळं त्यात असतं. ही रीत १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी बर्कलीत सेंडमेल या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी लिहिलेल्या सिस्लॉग या नोंदी ठेवणाऱ्या प्रोग्रॅमपासून रूढ झाली. नोंदींना तीव्रतेचे आठ क्रमांक असतात: शून्य म्हणजे आणीबाणी, तीन म्हणजे चूक, सात म्हणजे प्रोग्रॅमरच्या कामाचा बारीक तपशील.

हा सगळा ढीग वाचायची गरज नाही. जर्नलसीटीएल या आज्ञेला ‘पी’ हा पर्याय जोडून ‘एरर’ पातळी सांगितली, की चुका आणि त्याहून गंभीर नोंदी तेवढ्या उरतात. लॉगवॉच हा प्रोग्रॅम बसवला तर आदल्या दिवसाचा गोषवारा रोज मेलने येतो. मी तो सकाळच्या चहाबरोबर वाचते.

गोषवारा रोज यावा. तातडीची सूचना मात्र क्वचितच यावी. फोन दिवसभर वाजत राहिला की आपण बघणंच सोडतो, आणि नेमकी कामाची सूचना त्यात बुडते. म्हणून माझा नियम साधा आहे: ज्यावर उठून काही करावं लागेल, तेवढ्याचीच सूचना.

एसएसएच, म्हणजे दुरून लॉग-इन होण्याची सोय, इंटरनेटवर उघडी असेल, तर ‘फेल्ड पासवर्ड फॉर रूट’ (रूट म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं) या ओळी अनोळखी पत्त्यांवरून येतच राहतात. त्यासाठी फोन वाजायला नको. फेल-टू-बॅन हा प्रोग्रॅम लॉग वाचून त्या पत्त्यांना परस्पर अडवतो. मूळ सेटिंगमध्ये १० मिनिटांत ५ चुका झाल्या, की १० मिनिटं बंदी. पासवर्डऐवजी एसएसएच की (किल्लीची फाइल) वापरली, तर धोका आणखी कमी होतो.

डिस्कची गोष्ट वेगळी. स्मार्टडी हा प्रोग्रॅम मूळ सेटिंगप्रमाणे दर ३० मिनिटांनी डिस्कची तब्येत तपासतो. ‘८ करंटली अनरीडेबल सेक्टर्स’ अशी ओळ आली, तर डिस्कचे काही तुकडे वाचता येत नाहीत, असा अर्थ. त्याच दिवशी फोटो दुसरीकडे हलवावेत. मेल यायलाच हवा, तो इथे. डिस्क ९० टक्के भरली, तरीही यावा.

लॉगमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे न झालेलं काम. बॅकअप सुरूच झाला नाही, तर त्याच्या लॉगमध्ये चूकही नोंदली जात नाही. त्यामुळे माझी बॅकअपची स्क्रिप्ट काम नीट संपल्यावर शेवटी एक ठरावीक ओळ लिहिते. सकाळी क्रॉन हा ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्रॅम आजच्या तारखेची ती ओळ शोधतो. सापडली नाही, तर मेल पाठवतो. चार ओळींची स्क्रिप्ट आहे, पण घरातल्या मशीनवरची सगळ्यांत मोलाची सूचना मी हीच मानते.

हे सगळं लावून झालं की एकदा मुद्दाम खोटी सूचना पाठवून बघा. स्मार्टडीच्या सेटिंगमध्ये चाचणी-मेलची सोय आहे. तो मेल तुमच्या फोनवर दिसल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका.