हा आकडा आला कुठून?

२०१४ साली ‘नेचर’ या नियतकालिकाने एक यादी छापली होती. इतर संशोधकांनी ज्यांचा सर्वांत जास्त वेळा संदर्भ दिला, अशा शंभर शोधनिबंधांची. डीएनएची दुहेरी सर्पिल रचना सांगणारा वॉटसन आणि क्रिक यांचा १९५३चा निबंध तिच्यात नाही. पहिला क्रमांक ऑलिव्हर लॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९५१च्या निबंधाचा. त्याला तीन लाखांहून अधिक संदर्भ, आणि त्याचा विषय काय, तर द्रावणात प्रथिन किती आहे हे कसं मोजायचं. तिसऱ्या क्रमांकावर मॅरियन ब्रॅडफर्ड यांचा १९७६चा निबंध, त्याचाही विषय प्रथिन मोजण्याचाच.

जैवतंत्रज्ञानाच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांना ही यादी दाखवली पाहिजे, असं मला फार वाटतं. ही मुलं जनुकांची कापाकापी करायला आलेली असतात, आणि पहिल्या सत्रात त्यांच्या हाती येतात ब्युरेट, पिपेट आणि पीएच मीटर. बारावीनंतर रसायनशास्त्र सुटलं म्हणून खूश झालेल्यांचा तर हिरमोड होतो. पण जैवतंत्रज्ञानातला जवळजवळ प्रत्येक प्रयोग ‘किती?’ या प्रश्नाशी येऊन थांबतो, आणि त्याचं उत्तर देण्याचं शास्त्र म्हणजेच विश्लेषणात्मक रसायनशास्त्र.

सुरुवात पिपेटपासून. पूर्वी काचेची पिपेट तोंडाने ओढत असत. रक्त असो, आम्ल असो, जंतूंचं कल्चर असो. जर्मनीत मारबुर्ग विद्यापीठात काम करणाऱ्या हाइनरिष श्निटगर या डॉक्टरने १९५७ साली स्प्रिंग, दट्ट्या आणि बदलता येणारी टिप अशी हातात मावणारी पिपेट बनवली. आज प्रत्येक लॅबमध्ये दिसते ती तिचीच वारसदार. तिच्या बटणाला दोन थांबे असतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाबायचं, टिप द्रावणात दोन-तीन मिलिमीटर बुडवायची, बटण सावकाश सोडायचं. द्रावण सोडताना पहिला थांबा ओलांडून दुसऱ्यापर्यंत जायचं. नवखा हात नेमका घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत जातो आणि जास्तीचं द्रावण ओढतो. घाईने बटण सोडलं तर आत बुडबुडा येतो आणि द्रावण कमी भरतं.

हे चुकतंय की नाही, ते डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी तराजू लागतो. हजार मायक्रोलिटर डिस्टिल्ड वॉटर काट्यावरच्या छोट्या बीकरमध्ये सोडायचं आणि वजन लिहायचं. तीस अंश सेल्सियसला ते ०.९९६ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. असं दहा वेळा करायचं. चांगल्या पिपेटला हजारामागे आठ मायक्रोलिटर इकडेतिकडे एवढीच सूट असते. दहाही वजनं एकमेकांच्या जवळ पण सगळीच कमी आली, तर संशय पिपेटवर. वजनं विखुरलेली आली, तर बहुधा हातावर. अचूकता आणि सातत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पाठ्यपुस्तकातल्या निशाण्याच्या चित्रापेक्षा या दहा वजनांतून जास्त लवकर उमगतं. पुढे पन्नास टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलेलं महागडं एन्झाइम घ्यायची वेळ येते, तेव्हा ही सवय कामी येते. दाट द्रावणात टिप खोल बुडवली की एन्झाइम बाहेरूनही चिकटतं आणि मापापेक्षा जास्त जातं.

मग टायट्रेशन. किण्वनाच्या प्रॅक्टिकलला दह्याची आम्लता काढतात. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ब्युरेटमध्ये, फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब फ्लास्कमध्ये, आणि टिकून राहणारी पहिली फिकट गुलाबी छटा म्हणजे एंड पॉइंट. खर्ची पडलेल्या दर मिलिलिटरमागे नऊ मिलिग्रॅम लॅक्टिक आम्ल. हिशेब सोपा आहे, पण तो ‘०.१ नॉर्मल’ या शब्दांवर उभा आहे. सोडियम हायड्रॉक्साइडच्या पांढऱ्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, त्यामुळे चार ग्रॅम तोलून लिटरभर द्रावण केलं तरी ते ०.१ नॉर्मल असेलच असं नाही. म्हणून ते आधी ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाशी ताडून पाहतात. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक शुद्ध मिळतात, हवेत टिकतात आणि नेमके तोलता येतात. म्हणजे दह्याचा आकडा सोडियम हायड्रॉक्साइडवर टेकलेला, ते ऑक्झॅलिक आम्लावर, ऑक्झॅलिक आम्ल तराजूवर, आणि तराजू प्रमाणित वजनांवर. या साखळीचं टोक शोधत गेलं तर आपण दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या किलोग्रॅमपाशी पोचतो. मे २०१९पासून खुद्द किलोग्रॅमची व्याख्याही धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून राहिलेली नाही, ती प्लांकच्या स्थिरांकावर बेतलेली आहे.

पीएच मीटरचंही तसंच. पीएचचं माप १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसन यांनी मांडलं. ही प्रयोगशाळा बिअरच्या कारखान्याने उभारलेली, आणि सोरेनसन काम करत होते ते प्रथिनं आणि एन्झाइमांवर. मीटर खरं तर पीएच मोजत नाही, तो विद्युतदाब मोजतो. पंचवीस अंशांना पीएचच्या एका एककामागे सुमारे ५९ मिलिव्होल्ट. हा दाब पीएचमध्ये बदलायला ज्ञात पीएचची बफर द्रावणं लागतात, म्हणून रोज काम सुरू करण्याआधी कॅलिब्रेशन. आणि तापमान विसरून चालत नाही. जीवशास्त्रात सर्रास वापरला जाणारा ट्रिस बफर दर अंशामागे पीएचचा सुमारे तीन शतांश भाग बदलतो. पंचवीस अंशांना ८.० करून ठेवलेला ट्रिस थंड खोलीत चार अंशांवर ८.६च्या आसपास गेलेला असतो. बाटलीवरच्या लेबलवर मात्र ८.०च लिहिलेलं असतं.

आता ब्रॅडफर्ड. तपकिरी रंगाचं अभिकारक, त्यात कुमासी ब्रिलियंट ब्लू नावाचा, मूळचा लोकर रंगवण्याचा रंग. प्रथिन मिळालं की तो आर्जिनिन आणि लायसिन या अमिनो आम्लांच्या आधाराने त्याला चिकटतो आणि निळा होतो. ही निळाई स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ५९५ नॅनोमीटरवर मोजतात. बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, लॅबच्या भाषेत बीएसए, ज्ञात प्रमाणात घेऊन टेस्ट ट्यूबची रांग मांडायची. एका ट्यूबमध्ये प्रथिन सोडून बाकी सगळं, तो ब्लँक. रीडिंग आलेखावर मांडून स्टँडर्ड ग्राफ काढायचा आणि अज्ञात नमुन्याचं रीडिंग त्यावर बसवून प्रमाण वाचायचं.

इथे मोहाच्या दोन जागा आहेत. नमुन्याचं रीडिंग सगळ्यात वरच्या बिंदूच्याही पलीकडे गेलं की पट्टी लावून रेघ पुढे वाढवावीशी वाटते. ते करायचं नाही. शोषण १ म्हणजे दहातला एक भाग प्रकाश पार झाला, २ म्हणजे शंभरातला एक. तेवढ्या अंधुक उजेडात साधं यंत्र भरवशाचं राहत नाही, शिवाय ब्रॅडफर्डची रेघ वरच्या टोकाला वाकतेही. नमुना पातळ करून पुन्हा वाचायचा.

दुसरी जागा जास्त फसवी. बीएसएला हा रंग इतर बऱ्याच प्रथिनांपेक्षा जास्त चिकटतो. तेवढ्याच वजनाच्या गॅमा ग्लोब्युलिनचा रंग जवळपास निम्माच उमटतो. म्हणजे अँटिबॉडीचा नमुना बीएसएच्या आलेखावर मोजला, तर सगळं नीट करूनही उत्तर खऱ्याच्या निम्म्यावर येऊ शकतं. लांब गजाने मोजलेलं कापड कमी भरतं, तसंच हे. म्हणून अनुभवी संशोधक नुसतं ‘प्रथिन इतकं’ असं लिहून थांबत नाहीत, कुठलं प्रमाण वापरलं तेही लिहितात. डीएनएच्या बाबतीतही हाच सावधपणा लागतो. २६० नॅनोमीटरवर शोषण १ म्हणजे मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम डीएनए, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण आरएनएही तिथेच प्रकाश शोषतं, आणि ते नीट काढलं नसेल तर आकडा फुगतो.

हे सगळं आपल्या अभ्यासक्रमात आहे. खटकतं ते गुण देण्याच्या रीतीत. टायट्रेशनची तीन रीडिंग जुळून सीबीआर (ब्युरेटचं स्थिर रीडिंग) मिळाला, ग्राफचे बिंदू रेघेवर बसले की जर्नलवर सही होते. मग पोरं रीडिंग जुळवून लिहायला शिकतात. न बसलेला बिंदू खोडरबराने जातो, आणि त्याच्यासोबत पिपेट बिघडली होती की ब्लँक चुकला होता, हे कळण्याची एकमेव खूणही जाते. असा बिंदू तसाच ठेवून त्याचं कारण शोधणाऱ्या मुलीला मी तर सरळ रेघवाल्यापेक्षा जास्त गुण देईन.

यातली बरीच मुलं पुढे लस किंवा औषधं बनवणाऱ्या कंपन्यांच्या गुणवत्ता विभागात जातात. तिथे पहिल्याच आठवड्यात त्यांना एक नियम शिकवला जातो: चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही, व्हाइटनरही लावायचं नाही. आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि दुरुस्तीचं कारण. हा नियम विद्यापीठाच्या जर्नललाही पहिल्या प्रॅक्टिकलपासून लावता येईल, त्याला कुठलंही नवं यंत्र विकत घ्यावं लागत नाही.