भिंतीतला पिंपळ कुंडीत

पिंपळ, वड, उंबर यांची बारीक फळं पाखरं खातात आणि बिया विष्ठेवाटे कौलांत, गच्चीच्या कोपऱ्यात, विहिरीच्या कठड्यात पडतात. पावसाळ्यात तिथेच रोप उभं राहतं.

ओळख पानावरून पटते. पिंपळाचं पान हृदयाकृती, लांब देठाचं, टोकाला शेपटीसारखं निमुळतं; कोवळी पालवी तांबूस. वडाचं पान जाड, चामड्यासारखं, बोथट टोकाचं. पानं खरखरीत आणि समोरासमोर असतील, तर तो काळा उंबर. पारसा पिंपळाचं पानही पिंपळासारखंच दिसतं, तेव्हा पानाचा देठ मोडून पाहावा. पांढरा चीक ओघळला तर पिंपळ. पारसा पिंपळ भेंडीच्या कुळातला, त्याला असा चीक नसतो. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

काढायचं ते वीतभर असतानाच, भर पावसात. खोड मोठं झालं की मुळं चिऱ्यांमध्ये रुततात आणि भिंत फुटते. भेग आदल्या दिवशीपासून भिजवावी, चुना-माती खिळ्याने हलके मोकळी करावी. रोप ओढू नये. बारीक मुळं तुटली की ते सुकतं. निम्मी पानं छाटावीत, मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळावीत आणि लगेच पिशवीत लावावं. नवी पालवी फुटेपर्यंत सावली हवी.

अंगणात मात्र लावू नका. मुळं पायापर्यंत पोचतात. उंबर ओढ्याकाठी, वड-पिंपळ मोकळ्या माळावर द्या. भिंतीतलं रोप उपटून फेकण्याआधी एकदा गावातल्या शाळेला किंवा ग्रामपंचायतीला जागा विचारा.