विषय क्रमांक ७

सकाळी नऊ

सर्वसाधारण सभा दुपारी एकला. सभा लिपिकाचा दिवस मात्र पोहोच रजिस्टरपासून सुरू होतो. अजेंडा प्रत्येक सदस्याच्या हातात सात पूर्ण दिवस आधी पडला पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस त्यात धरायचा नाही. विशेष सभा असेल तर तीन दिवस. शिपाईमामांनी घरोघर जाऊन घेतलेल्या सह्या मी एकेक करून तपासते. कुठे सदस्यांची स्वतःची सही असते, कुठे ‘मुलगा’, कुठे ‘सून’ असे लिहून तारीख टाकलेली असते. एक जरी सही राहिली आणि त्या सदस्याने पुढे ‘मला नोटीसच मिळाली नाही’ म्हणून तक्रार केली, तर त्या दिवशी मंजूर झालेली गटारे, दिवे, पाइपलाइन सगळेच अडकून पडते. म्हणून या रजिस्टरला मी कुणाला हात लावू देत नाही.

आमची नगरपरिषद ब वर्गातली, म्हणजे लोकसंख्या चाळीस हजार ते एक लाख यांच्यामधली. कारभार चालतो तो १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमावर. त्याची माझ्या टेबलावरची प्रत हाताळून इतकी मऊ झाली आहे की कलम ८१ चे पान आपोआप उघडते. सभा कशी बोलवायची, गणपूर्ती कशी मोजायची, मतदान कसे घ्यायचे, हे सगळे तिथे आहे.

साडेदहा

टिपण्यांची वेळ. अजेंड्यावरच्या प्रत्येक विषयामागे त्या त्या विभागाची कार्यालयीन टिपणी लागते: विषय काय, खर्च किती, कोणत्या लेखाशीर्षातून, तांत्रिक मान्यता आहे की नाही. पाणीपुरवठ्याची टिपणी नेहमी वेळेवर येते आणि नेमकी असते, कारण तिथल्या अभियंत्यांना रोज नळाला पाणी सोडून दाखवावे लागते. बांधकामची मागून घ्यावी लागते.

आजचे बरेचसे विषय रुळलेले आहेत. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. जमाखर्चास मंजुरी. जलशुद्धीकरण केंद्रासाठी तुरटी व क्लोरीन खरेदी. पथदिव्यांची देखभाल. दोन प्रभागांतील बंदिस्त गटाराच्या निविदा. दिव्यांगांसाठी राखून ठेवलेल्या पाच टक्के निधीतून साहित्यवाटप. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई. वाचणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटेल, पण शहर चालते ते याच ओळींवर. तुरटीचा ठराव वेळेत झाला नाही, तर पहिल्या पावसाचे गढूळ पाणी थेट घागरीत येते.

विषय क्रमांक ७ ची टिपणी मी दोनदा वाचली. ‘मुख्य रस्त्यावरील भाजी विक्रेते हटविणेबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.’ खाली चार ओळी: वाहतुकीस अडथळा, नागरिकांच्या तक्रारी, अतिक्रमण पथकाला आदेश द्यावेत. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचा त्यात उल्लेखच नव्हता. मी फाइल घेऊन मुख्याधिकाऱ्यांकडे, म्हणजे सीओ साहेबांकडे गेले. म्हटले, “साहेब, सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्रीचं प्रमाणपत्र दिल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही, असं कलम ३ मध्ये आहे. ठराव असा गेला तर कलेक्टर साहेबांकडून नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली तहकूब होईल.” साहेबांनी कायदा मागवला, कलम वाचले आणि टिपणीखाली स्वतःच्या हाताने दोन ओळी वाढवल्या. विषयाचे शीर्षक आता बदलता येत नाही, ते अजेंड्यावर छापून गेले आहे. निर्णय काय घ्यायचा, ते सभागृहाच्या हातात.

बारा

सदस्य यायला लागले. आधी नगराध्यक्षांच्या दालनात सत्ताधाऱ्यांची बैठक, पलीकडे विरोधकांची चहासोबत कुजबुज. सभागृहात खुर्च्या, माइक, पाण्याच्या बाटल्या, हजेरीपत्रक. भिंतीवर महात्मा फुले, शाहू महाराज आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. फुल्यांची तसबीर नगरपालिकेच्या सभागृहात शोभून दिसते, कारण ते स्वतः १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करायचे ठरले, तेव्हा नेमलेल्या बत्तीस सभासदांत विरोधात मत देणारे ते एकटे होते. ते मत नोंदले गेले म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. नवीन सदस्यांना मी हे आवर्जून सांगते: दादा, विरोध असेल तर तो नोंदवून घ्या, नुसते बाहेर पत्रकारांना सांगू नका.

यंदा नवे चेहरे पुष्कळ आहेत. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव असल्यामुळे जवळजवळ अर्धे सभागृह ताईंचे आहे. काहींचे यजमान दारापर्यंत फाइल घेऊन येतात. त्यांना मी गॅलरीतली जागा दाखवते. सभा लोकांना खुली असते, बसून ऐकायला कुणाची हरकत नाही. पण आत बोलायचे ते निवडून आलेल्या ताईंनीच.

दुपारी एक

राष्ट्रगीत. मग श्रद्धांजलीचा ठराव. शहरातल्या एका निवृत्त सफाई मुकादमांचे निधन झाले होते. त्यांचे नाव त्यात घ्या, असे एका सदस्याने सुचवले आणि सगळे उभे राहिले. कितीतरी पहाटे त्यांनी या गावचे रस्ते झाडून घेतले होते.

गणपूर्ती आहे, असे मी नगराध्यक्षा मॅडमना सांगितले आणि कामकाज सुरू झाले. पहिले विषय भराभर गेले. “विषय क्रमांक एक वाचून दाखवा.” मी वाचते. “मंजूर?” “मंजूर, मंजूर.” सूचक कोण, अनुमोदक कोण, हे मी तिथल्या तिथे विचारून घेते. पुढे काही प्रश्न उठला, तर हा ठराव कुणी मांडला आणि कुणी त्याला पाठिंबा दिला, हे कागदावर असले पाहिजे.

मधली चार वर्षे हे काहीच नव्हते. २०१६ मध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला आणि राज्यभरच्या नगरपरिषदांवर प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला निवडणुका घ्यायला सांगितल्यावर गाडे हलले. निकाल लागले ते २१ डिसेंबर २०२५ ला. त्या काळात प्रशासकांनी ठराव केले, कामे झाली, त्यातली काही चांगली झाली. पण ठरावाच्या कागदावर एकच सही असायची. हा रस्ता आधी का, ती गल्ली नंतर का, हे विचारायला समोर कुणी नव्हते आणि सांगायचे बंधनही कुणावर नव्हते. आज सभागृहात आवाज चढतो तेव्हा बाहेरच्यांना तो गोंधळ वाटतो. मला मात्र तो हवा आहे.

दीड ते अडीच

निविदांचा विषय. गटाराच्या एका कामाला अंदाजपत्रकापेक्षा बऱ्याच कमी दराची निविदा आली आहे. एका ज्येष्ठ सदस्यांनी नेमके बोट ठेवले: “एवढ्या बिलोमध्ये हा माणूस सिमेंट घालणार की राख?” अभियंत्यांनी जादा सुरक्षा अनामत भरून घेतल्याचे सांगितले, दरपृथक्करण मागवल्याचे सांगितले. तेवढ्याने सदस्यांचे समाधान झाले नाही. शेवटी ठरावात एक वाक्य वाढले: ‘कामाची त्रयस्थ तांत्रिक तपासणी झाल्याशिवाय अंतिम देयक अदा करू नये.’ हे वाक्य फुकटचे नाही. पावसाळ्यानंतर गटार खचले तर या एका ओळीवर बिल थांबवता येते.

मग पंधराव्या वित्त आयोगाच्या शिल्लक निधीचे नियोजन. प्रत्येकाला आपल्या प्रभागात रस्ता हवा. लेखापालांनी शांतपणे समजावून सांगितले की या अनुदानातले साठ टक्के बंधित आहे, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांनाच वापरता येते. रस्ता करायचा तर अबंधित चाळीस टक्क्यांत जेवढे बसेल तेवढेच. पहिल्यांदाच निवडून आलेल्या एका ताईंनी विचारले, “मग आमच्या झोपडपट्टीतलं सार्वजनिक शौचालय बंधितमधून होईल ना?” होईल. “मग रस्ता राहू द्या, शौचालय घ्या. रात्री बायकांना अंधारात ओढ्याकडं जावं लागतं.” सभागृह गप्प झाले. पलीकडच्या बाजूच्या सदस्याने अनुमोदन दिले. आपण पैशाचा नियम शिकून घेतला की तो आपल्या माणसांसाठी वापरता येतो, हे त्या ताईंनी पहिल्याच दोन-तीन सभांत ओळखले.

अडीच ते चार

विषय क्रमांक ७.

आधी तो मांडणाऱ्या सदस्यांची बाजू, कारण तीही खरी आहे. त्यांच्या प्रभागातून बस स्टँडकडे जाणारा तो एकच मोठा रस्ता. संध्याकाळी दोन्ही बाजूंना पाट्या लागतात आणि रुग्णवाहिकासुद्धा अडकते. व्यापारी रोज त्यांच्या दारात येतात. “मंडईत ओटे बांधलेत, तिथं का बसत नाहीत?” हा त्यांचा प्रश्न.

उत्तर गॅलरीत बसले होते. भाजी विकणाऱ्या आठ-दहा बायका, पदर खोचलेल्या, माल शेजारणीवर सोपवून आलेल्या. त्यांना सभागृहात बोलता येत नाही. पण त्यांच्या प्रभागाच्या ताईंनी त्यांचेच म्हणणे मांडले: मंडई गावाच्या कडेला, ओटे आत, वर पत्रा गळका, आणि गिऱ्हाईक स्टँडवर उतरते. मेथीची जुडी संध्याकाळी सातला विकली गेली नाही तर सकाळी ती गुरांपुढे टाकावी लागते. ओट्याचे भाडे भरूनही रस्त्यावर बसायची हौस कुणाला असते?

आवाज वाढले. कुणी पोलीस बंदोबस्ताची भाषा काढली, कुणी मतांची. एक स्वीकृत सदस्य बराच वेळ तावातावाने बोलले. त्यांना मताचा अधिकार नाही, पण बोलण्याचा आहे. मग सीओ साहेब उभे राहिले आणि सकाळच्या त्या दोन ओळी वाचल्या. २०१४ चा कायदा सांगतो की आधी सर्व विक्रेत्यांचे सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, मग विक्रीक्षेत्र. त्यासाठी नगर पथविक्रेता समिती, जिच्यात किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनीच निवडून दिलेले, आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला. आपल्याकडे ही समिती कागदावर आहे, तिची बैठक किती दिवसांत झाली नाही ते सभागृहाला माहीत आहे, एवढेच ते म्हणाले.

नगराध्यक्षा मॅडमनी मला विचारले, “ठराव कसा लिहायचा?” ठराव सभागृहाचा असतो, लिपिकाचा नाही, म्हणून मी माझे मत सांगितले नाही. मूळ सूचना आणि चर्चेत आलेली दुरुस्ती, दोन्ही सावकाश वाचून दाखवल्या. ‘हटविण्यात यावे’ हे शब्द वाचताना गॅलरीत हालचाल झाली. दुरुस्ती अशी: समितीची बैठक एका महिन्यात बोलवावी, सर्वेक्षण पूर्ण करावे, तोपर्यंत रस्त्याच्या एकाच बाजूला, पांढऱ्या पट्ट्याच्या आत बसण्याची व्यवस्था नगरपरिषदेने आखून द्यावी, दुसरी बाजू वाहनांसाठी मोकळी ठेवावी, मंडईचे पत्रे व दिवे दुरुस्त करून घ्यावेत.

दुरुस्ती मताला टाकली. हात वर करून मतदान, मी नावे लिहीत गेले. दुरुस्ती मंजूर झाली. मूळ सूचना मांडणाऱ्या सदस्यांनी विरोध नोंदवायला सांगितला आणि मी तो त्यांच्याच शब्दांत घेतला: ‘रुग्णवाहिकेसाठी मार्ग मोकळा राहील याची लेखी हमी नसल्याने माझा विरोध.’ हा विरोध मला मोलाचा वाटला. पट्टा आखायला जाणाऱ्या माणसाला आता रुंदी मोजावीच लागेल.

चार

आयत्या वेळचे विषय. इथे मी सावध असते. अध्यक्षांच्या परवानगीने तातडीचे काही घेता येते, पण सात दिवसांची नोटीस असते ती लोकांना विषय आधी कळावा म्हणून. पाणीपुरवठ्याच्या एका नादुरुस्त पंपाचा विषय घेतला, कारण पंप थांबला तर वरच्या वस्तीला पाणी चढत नाही. एका गाळ्याच्या भाडेपट्ट्याचा विषय मात्र मॅडमनी पुढच्या सभेवर ढकलला. “अजेंड्यावर येऊ द्या, सगळ्यांना वाचू द्या.” मला फार बरे वाटले.

सभा संपली. चहा, वडापाव, फोटो.

साडेपाच

खाली जिन्यात त्या बायकांपैकी एक मावशी थांबल्या होत्या. “बाई, उद्या बसू का नको?” मी सांगितले, बसा, पण एकाच बाजूला बसा, आणि सर्वेक्षणाला माणसं येतील तेव्हा आधार कार्ड आणि फोटो जवळ ठेवा. नाव यादीत आलं तरच पुढचं सगळं. मावशींनी विचारले, आमच्यातली कुणी समितीत बसणार म्हणता, ती कोण ठरवणार? तुम्हीच ठरवणार, मत देऊन, असे मी सांगितल्यावर त्या थांबल्या आणि ते पुन्हा एकदा नीट समजावून घेतले. मग जाऊन बाकीच्यांना सांगायला लागल्या.

सात

कार्यालय रिकामे. इतिवृत्ताचा कच्चा मसुदा आजच व्हायला हवा. उद्या आठवणीत भर पडते आणि मग ज्याला जे सोयीचे तेच आठवते. मी ठराव सभागृहात वाचल्याप्रमाणे उतरवते, माझ्या बाजूने एक विशेषणही घालत नाही. ‘सविस्तर चर्चा होऊन’ हे ठरलेले शब्द मी विषय ७ ला वापरले नाहीत. तिथे कुणी काय म्हटले ते चार-चार ओळींत लिहिले, मताला हात वर केलेल्यांची नावे लिहिली, विरोध लिहिला. उद्या सकाळी तीन ठरावांचे उतारे आधी काढायचे आहेत: पंप, शौचालय आणि पट्ट्याची आखणी. पंपाचा उतारा हातोहात अभियंत्यांकडे, शौचालयाचा लेखा विभागाकडे, आणि आखणीचा बांधकाम विभागाकडे पोहोच घेऊन, वर तारखेचा शिक्का मारून.