व्हिसा म्हणजे मुक्कामाची परवानगी नव्हे

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले निवृत्त जोडपे हे आता महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला परिचित असे दृश्य आहे. वकिलातीतून पासपोर्ट परत येतो, त्यात दहा वर्षांचा व्हिसा चिकटवलेला असतो, आणि शेजारीपाजारी व जुन्या सहकाऱ्यांत एकच वार्ता पसरते : 'दहा वर्षांचा व्हिसा मिळाला!' याचा अर्थ बहुतेक जण असा घेतात की, आता दहा वर्षे हवे तेव्हा जावे आणि हवे तितके राहावे. यातील पूर्वार्ध बहुतांशी खरा आहे. उत्तरार्ध मात्र साफ चुकीचा आहे, आणि या चुकीची किंमत कधीकधी नातवंडांची भेट वर्षानुवर्षे दुरावण्याइतकी मोठी असते.

व्हिसा हा शब्द मूळचा लॅटिन. 'पाहिलेला कागद' एवढाच त्याचा अर्थ. परक्या देशाच्या वकिलातीने पारपत्र पाहिले, धारकाची चौकशी केली आणि त्याला सीमेपर्यंत येऊ देण्यास हरकत नाही असा शेरा मारला, की तिचे काम संपले. मराठीत यासाठी 'प्रवेशपरवाना' हा शब्द योजण्यात आला. तो भारदस्त आहे खरा. पण मूळ शब्दाचा प्रामाणिकपणा त्यात हरवला. निदान अमेरिकेच्या बाबतीत व्हिसा हा प्रवेशाचा परवाना नसून दारावर थाप मारण्याची मुभा आहे. दार उघडायचे की नाही, आणि उघडले तर पाहुण्याने किती दिवस राहायचे, हे विमानतळावरील सीमा-अधिकारी ठरवतो.

त्याच्या या निर्णयाची नोंद 'आय-९४' या नावाने ओळखली जाते. पर्यटक म्हणून गेलेल्यांना तीत सामान्यतः सहा महिन्यांची मुदत मिळते. पूर्वी या नोंदीचा कागद पासपोर्टला टाचून मिळत असे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांची नोंद संगणकात होते आणि ती संकेतस्थळावरून स्वतः काढून पाहावी लागते. हातात कागद पडत नाही, म्हणून तो पाहण्याचे भानही अनेकांना राहत नाही. व्हिसावरील तारीख २०३४ सालची दिसते. संगणकातील तारीख येत्या मार्चमधली असते. मुदत संपण्यापूर्वी ती वाढवून मागणारा अर्ज करता येतो. पण तारीख ठाऊकच नसेल तर अर्ज करणार कोण? अर्जाविना मुदत एका दिवसाने जरी ओलांडली, तरी ज्या व्हिसावर प्रवेश झाला तो आपोआप रद्दबातल ठरू शकतो. १९९६ च्या कायद्याने तर १८० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून परतणाऱ्याला तीन वर्षांची, आणि वर्षभर वा अधिक राहणाऱ्याला दहा वर्षांची प्रवेशबंदी घातली आहे. सत्तरीतल्या आजीला दहा वर्षांची बंदी म्हणजे काय, हे सांगायला नको.

या मुक्कामाच्या हक्काला तिकडे 'स्टेटस' म्हणतात. आपल्याकडे हा शब्द प्रतिष्ठेसाठी वापरला जातो. तिथे तो कायद्याच्या दृष्टीने माणूस कोण आहे हे सांगतो. व्हिसा आणि स्टेटस यांची ताटातूट उलट्या दिशेनेही होते. नोकरी करणाऱ्या तरुणाच्या पासपोर्टमधील व्हिसाची तारीख उलटून गेली, तरी त्याचे स्टेटस शाबूत असेल तर तो तेथे कायदेशीरपणे राहत असतो. अडचण येते ती देशाबाहेर पडल्यावर. परतण्यासाठी नवा व्हिसा लागतो आणि तो वेळेत मिळेल याची हमी कोणी देत नाही. वडिलांच्या आजारपणाची तार यावी तसा फोन येतो, आणि तिकिटाआधी वकिलाला विचारावे लागते. गावातले लोक मग मुलाला कृतघ्न म्हणून मोकळे होतात.

वकिलातीतील नकाराविषयीही असाच गैरसमज आढळतो. विद्यार्थी वा पर्यटक म्हणून अर्ज करणारा प्रत्येक जण कायमचा राहण्यासाठीच येत आहे, असे अमेरिकी कायद्याचे २१४ (ब) हे कलम गृहीत धरते. तसे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे अर्जदारावर असते. गुणपत्रिका उत्तम असूनही नकार मिळतो तो यामुळे. तो विद्वत्तेवरचा अभिप्राय नसतो, आणि अर्ज पुन्हा करता येतो. पण दलाल याच नकाराचे भांडवल करतात आणि 'आतून काम करून देतो' म्हणून पालकांकडून पैसे उकळतात.

आखाती देशांच्या वाटेवर शब्दांचा हा घोळ अधिक निर्दय होतो. रत्नागिरी-रायगडातील किती घरांतील चुली त्या वाटेवरून आलेल्या पैशाने पेटल्या! दहावी न झालेल्या कामगाराच्या पारपत्रावर 'ईसीआर' असा शेरा येतो. नोकरीसाठी ठरावीक देशांत जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी हवी, एवढेच तो सांगतो. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने ही तपासणी घातली ती कामगाराचा करार, पगार आणि मालक यांची कोणीतरी शहानिशा करावी म्हणून. कामगाराला मात्र तो शेरा कलंकासारखा वाटतो, आणि दलाल तो चुकवण्याची युक्ती सांगतो : 'आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ.' व्हिजिट व्हिसा म्हणजे पाहुण्याचा व्हिसा. त्यावर काम करणे हा गुन्हा. पगार थकला की तक्रार करायला गेलेला कामगार आधी स्वतःच आरोपी ठरतो, कारण भारत सरकारच्या दप्तरी तो कामाला गेलेलाच नसतो.